माह्या भावाचं काम

५ ऑक्टोबर

प्लायवुडवाल्यानं दिलेली डायरी दोन वर्षं कोरी पडली होती. आज उघडली. तारखा जुळत नाहीत, खोडून वरून लिहून राहिलो. माही बायको माया वारल्यापासून घरात बोलायले कोणी नाही, अन् आज बोलण्यासारखं काही झालं.

नंदिनी वहिनी दुपारी ऑटोनं आली. मांडीवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. मले वाटलं, कोणाचं लेकरू घेऊन आली. पाह्यलं तं दादाची बेस गिटार. दादाले जाऊन अडीच महिने झाले. वहिनी महिनाअखेर पुण्याले चालली, पोरीकडे, मिनलकडे, कायमची. नववा मजला, दोन खोल्या. "तिथं मलेच जागा नाही भाऊजी, हिले कुठं ठेवू?" म्हणते. मिनलनं मोबाइलवर फोटो टाकला तं गिऱ्हाईक भेटलं. कामिनी म्हणून पोरगी आहे अमरावतीची, पुण्यात बँडमध्ये बेसच वाजवते. दिवाळीले घरी येणार, परतताना नागपुरात थांबून पाहून जाणार.

"पॉलिश मारून द्यायची का आहे तशी द्यायची, ते तुम्हीच ठरवा," वहिनी म्हणाली. "तुमच्या हातची आहे."

चहा ठेवला तं अर्धाच पिऊन उठली. जाताना चादर मागेल वाटलं, नाही मागितली.

७ ऑक्टोबर

आज उजेडात खाटेवर ठेवून नीट पाह्यली. हाल झाले, बाप्पा! उजवा हात टेकते तिथलं पॉलिश पार उडालं, पांढरं लाकूड उघडं पडलं. मागून बेल्टच्या बकलाचे ओरखडे. खालच्या कडेले टवका. लकडगंजात माही चाळीस वर्षं पॉलिश करण्यात गेली, अशी वस्तू समोर आली की हात शिवशिवतेच. आता कोणाले पॉलिश लागते म्हणा! सगळीकडे सनमायका. चिकटवला की झालं, मशीन फिरवली की झालं. महिन्यात चार दिवस काम भेटलं तं भेटलं.

तं माहं मत साफ आहे. विकायच्या आधी पॉलिश मारायचं. पोरगी दाखवायची तं तोंड धुऊनच दाखवतात ना.

ही बेस दादानं शहाऐंशी साली मोहननगरच्या एका रेल्वे गार्डाकडून घेतली होती. गोरा अँग्लो-इंडियन म्हातारा, बायकोसंगं ऑस्ट्रेलियाले चालला होता, सगळं सामान विकून राहिला होता. जपानी माल. दादा हिंगण्याच्या कारखान्यात शिफ्ट करे अन् शनिवार-रविवार भीमगीतांच्या पार्टीत वाजवे. तेव्हा पार्टी म्हटलं की हार्मोनियम, ढोलक, बँजो. बेस कोणी पाह्यली होती? लोक म्हणत, "रविंद्र भाऊ वाजवतात काय, ऐकू तं काहीच येत नाही." दादा म्हणे, "बंद केली की समजते."

यंदा धम्मचक्र प्रवर्तन दिनाले पार्टी बसली, बेसशिवाय. मी पाच मिनिटं उभा राहिलो अन् घरी आलो.

एक्क्याण्णव साली मी उस्तादाच्या हाताखालून नुकताच सुटलो होतो. पहिलं स्वतःचं काम कोणतं करावं? दादाची बेस! तो कंपनीच्या ट्रेनिंगले आठ दिवस बाहेरगावी गेला, तेवढ्यात उचलली. काचेच्या तुकड्यानं जुना रंग खरवडून काढला, समोरचा, मागचा, मानेचा म्हणजे तारांच्या दांड्याचाही. पिवळा-काळा धुरकट रंग होता काहीतरी. मग चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवून सोळा हात मारले. घरच्या दिवाणाचा होता तोच डार्क रंग दिला. तिच्यात तोंड पाहून घ्या, अशी झाली.

दादा आला, पाह्यली. थोडा वेळ बोललाच नाही, इतकी आवडली. मग म्हणे, "सगळी केली रे?" मी म्हटलं, "सगळी. मानसुद्धा सोडली नाही." त्यानं पाठीवर हात ठेवला अन् तसाच मले फोटो स्टुडिओत घेऊन गेला. तो फोटो अजून भिंतीवर आहे.

पार्टीतले लोक चिडवत, "हे काय गा, सोफा करून आणला काय?" दादा सगळ्यांले एकच सांगे, "माह्या भावाचं काम आहे. राहू द्या." हे मी माह्या कानानं किती वेळा ऐकलं. नवीन वाजवणारा आला, गिटारले हात लावला, काही बोलायले लागला की दादाचं हेच. चौतीस वर्षांत त्यानं ती दुसऱ्या कोणाच्या हाती दुरुस्तीले दिली नाही. मी विचारे, "दादा, पुन्हा एक हात मारू काय?" तं म्हणे, "नको, तुह्या पहिल्या हाताची आहे, तशीच राहू दे."

ज्याची वस्तू तोच गेला. आता मीच तिले शेवटचा हात मारून देतो.

११ ऑक्टोबर

वहिनीकडे गेलो, सामान बांधायले. सदतीस वर्षांचा संसार सहा खोक्यांत. भांडी मोलकरणीले, कपाट शेजारच्याले, दादाची पुस्तकं विहारात. वहिनी देऊन राहिली अन् मी दोऱ्या बांधून राहिलो.

पलंगाखालून एक पत्र्याचा डबा निघाला. त्यात बूट पॉलिशच्या रिकाम्या डब्या, मोजल्या तं अकरा. वहिनी हसायले लागली, किती दिवसांनी हसली. "पाहा बरं भाऊजी! पायात बारा महिने चपला. कंपनीचे बूट कंपनीतच राहत. अन् हा माणूस रविवारी सकाळी मागच्या अंगणात बूट पॉलिश घेऊन बसे. तुम्ही जेवायले येणार असले की हटकून. मी म्हणे, भाऊजी काय तुमचे बूट पाहायले येऊन राहिले?"

मी म्हटलं, कारखान्यातली सवय असेल. शिफ्टवाले लोक असेच, एकदा काही हाताले लागलं की सुटत नाही. सवयी त्याच्या जगावेगळ्याच. स्टेजवर चढायच्या आधी डाव्या हाताले टाल्कम पावडर चोळे. सुरुवातीले नव्हतं हे, मागून लागलं. माया त्याले म्हणे, "मोठे भाऊजी, बॉलिंग टाकायले चालले काय?" नंतरच्या पार्टीच्या फोटोत पाहा, डावा हात पांढरा आहे.

चहा पिताना मी सहज म्हटलं, मुंबईच्या कॅसेटवाल्यांनी बोलावलं त्या साली दादाले कंपनीनं सुट्टी दिली असती तं वाजवायले गेला असता, आज त्याचं नाव राहिलं असतं. वहिनी हातातला कप फिरवत राहिली. मग म्हणाली, "गेले तं होते."

"कधी?"

"ब्याण्णवच्या पावसाळ्यात. आठ दिवसांसाठी बोलावलं होतं, तिसऱ्या दिवशी परत. म्हणे, तिथं दमट लय आहे, हात चालत नाही." अन् लगेच उठून खोक्याची दोरी पाहायले लागली.

मले हे कोणी सांगतलंच नव्हतं. दादा मले म्हणाला होता, सुट्टी भेटली नाही. लाज वाटली असेल बिचाऱ्याले. मुंबईची हवा आपल्या माणसाले मानवतच नाही, मलेही तिथं दोन दिवसांत सर्दी झाली होती.

१४ ऑक्टोबर

आज जे झालं ते लिहायची इच्छा नाही. पण लिहितो.

म्हटलं, पॉलिशच्या आधी तारा-खुंट्या कोणाले दाखवाव्या. महाल भागातले मनोहरराव म्हणून जुने माणूस आहेत, हार्मोनियम, गिटार दुरुस्त करतात. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. त्यांनी बेस मांडीवर घेतली, चष्मा वर केला अन् डाव्या हाताचा अंगठा मानेवरून खालपर्यंत नेला. मधे अंगठा थांबला. पुन्हा नेला, पुन्हा थांबला.

"कोण्या गाढवानं हिच्यावर लाख मारली?" म्हणाले.

मी चादरीची घडी घालायले लागलो.

"मूळचा रंग पार खरवडून टाकला. तो राहिला असता तं ही वस्तू लोकांनी काचेत ठेवली असती. बरं, अंगाचं जाऊ द्या. मानेवर लाख! घाम लागला की चिकटते. वाजवणाऱ्याचा हात सरकायले पाहिजे ना, हा जागच्या जागी धरून ठेवते. अन् दमट हवा असली की विचारूच नका." मग माह्याकडे पाहून म्हणाले, "ज्यानं वाजवली त्याची कमाल आहे. पावडर लावत असेल हाताले."

मी म्हटलं, "हाव. लावत होता."

"फर्निचरवाल्याचं काम दिसते हे. कोणी केलं, माहीत आहे?"

मी म्हटलं, माहीत नाही.

पंचाहत्तर वर्षांच्या माणसासमोर मी साफ खोटं बोललो. त्यांनी सांगतलं ते असं. अंगाले हात लावू नका. हातानं झिजलेली आहे, घेणारा झीज पाहूनच घेते, वरून चकचकीत केली तं उलट नाक मुरडते. पण मानेचं पॉलिश काढा, लाकडापर्यंत, अन् नुसता तेलाचा हात द्या. "कोणी चांगला पॉलिशवाला पाहा," म्हणाले. मी मान हलवली अन् चादर गुंडाळून निघालो.

खुर्चीच्या हातावर चपडा मारू नये, हे मीच पोरांले शिकवतो. तिथं माणसाचा घामाचा हात पडते, लाख चिकट होते, गिऱ्हाईक आठ दिवसांत शिव्या देत येते. तीस वर्षं शिकवून राहिलो. दर वेळी हेच बोललो अन् दर रविवारी दादाकडे जेवायले गेलो. दोन गोष्टी एका जागी कधी आल्या नाहीत.

१५ ऑक्टोबर

कामावर गेलो नाही.

१६ ऑक्टोबर

आज दिवसभर मनाशी भांडलो. त्या काळी मले काय माहीत? उस्तादानं जे शिकवलं ते केलं. गिटार वाजवणाऱ्यानं सांगायले नको? तोंड नव्हतं त्याले? मोठा भाऊ होता, दोन थोबाडीत द्यायच्या होत्या. मी पुन्हा खरवडून दिली असती. एका दुपारचं काम होतं, एका दुपारचं!

अन् मुंबई. तीन दिवस त्या चिकट मानेवर हात ओढत बसला असेल, नवीन लोकांसमोर. परत आला अन् मले म्हणाला, सुट्टी भेटली नाही. मग बत्तीस वर्षं हिंगण्याची बस. मी त्याच्या पंक्तीले बसून जेवलो अन् विचारलं, पुन्हा एक हात मारू काय?

मले माहीच चीड येऊन राहिली. त्याचीही येऊन राहिली. मेलेल्या माणसावर चिडून करणार काय?

१९ ऑक्टोबर

पोरगी पुढच्या आठवड्यात येते. काम तं करणंच आहे. तारा काढल्या, मान कापडावर पालथी ठेवली. आधी स्पिरिटचं फडकं फिरवून पाह्यलं. लाख असली की फडक्यावर लालसर तपकिरी रंग येते. आला. खालून वर येत गेलो. अन् वरच्या टोकाशी, जिथं अंगठा सगळ्यांत जास्त टेकते तिथं, फडकं काळं झालं. लाखेचा रंग नाही हा. तेलकट.

फडकं नाकाले लावलं. बूट पॉलिश.

मग टर्पेंटाइन घेऊन तेवढी जागा पुसली. दहा-बारा थर असतील, एकावर एक. खाली उघडं लाकूड. वीतभर लांब, चार बोटं रुंद. तिथं लाख नाहीच. कोणीतरी काचेच्या तुकड्यानं खरवडून काढली आहे. कोणीतरी काय, दादानं. काच उभी धरली आहे, आडवी धरायची असते. त्यामुळे रेघोट्या पडल्या, दोन जागी खड्डा. माह्या हाताखालच्या पोरानं असं केलं असतं तं कान धरला असता.

म्हणजे त्यानं आपल्या अंगठ्यापुरती जागा करून घेतली. तेवढीच. अन् मी यायच्या दिवशी सकाळी अंगणात बसून बूट पॉलिशनं रंग जुळवला, मले दिसू नये म्हणून. रंग जुळलाही होता. मी पॉलिशवाला, दर रविवारी समोर ठेवलेली पाहे, कधी समजलं नाही.

अकरा डब्या.

दादा रे, काहून केलं असं?

२० ऑक्टोबर

बाहेर दिवाळीचे फटाके. सकाळीच वहिनीकडे गेलो. उंबऱ्यातच विचारलं, "तुम्हाले माहीत होतं?"

तिनं माह्या तोंडाकडे पाह्यलं अन् समजली. म्हणाली, "पावडरचं माहीत होतं. मुंबईचं माहीत होतं. डब्यांचं नाही, शपथ." मग मी मानेवरच्या त्या जागेचं सांगतलं. तिनं पदर तोंडाले लावला. मी पहिल्यांदा तिले दादासाठी असं रडताना पाह्यलं. मयतीत ती लोकांले पाणी देत फिरत होती.

"मी भांडली होती त्यांच्याशी," म्हणाली. "मुंबईहून आले तेव्हा. म्हटलं, सांगा ना अश्विनले, तुमचा लहान भाऊ आहे, खाणार आहे काय? तं म्हणाले, त्याचं पहिलं काम आहे नंदा. पहिल्या कामाले नावं ठेवली की कारागिराचा हात बसत नाही. त्याचा हात बसू दे, मग सांगतो."

"मग?"

"मग तुमचा हात बसला. लकडगंजात तुमचं नाव झालं. मी म्हटलं, आता सांगा. तं म्हणाले, आता सांगून त्याले कायले रडवू."

माहा हात बसला. दादाचा अडकला तो अडकला. आमच्या चाळीस वर्षांचा हिशेब एवढाच. तरी वहिनीनं मले जेवल्याशिवाय येऊ दिलं नाही. वरणभात अन् वांग्याची भाजी होती.

२४ ऑक्टोबर

मान पूर्ण केली. घाई केली नाही. काच आडवी धरून, हळूहळू, लाखेचा एकेक थर. हात कापते आजकाल, म्हणून दहा मिनिटं काम अन् दहा मिनिटं आराम. मग शून्य नंबरचा घासायचा पेपर, मग जुन्या बनियनचं कापड. शेवटी जवसाच्या तेलाचा हात, पुसून कोरडा. अंगठा वरपासून खालपर्यंत सरकते, कुठंच थांबत नाही. माह्या जिंदगीतलं हे चांगलं काम आहे. ज्याच्यासाठी करायचं होतं तो नाही.

अंगाले हात लावला नाही. त्याच्या हातानं उडवलेलं पॉलिश आहे, ते तसंच राहू दिलं.

वीतभर जागा उरली, दादानं खरवडलेली. पेपर हातात घेतला होता. दोन मिनिटं लागली असती, रेघोट्या गेल्या असत्या, बाकीच्या मानेसारखी झाली असती. पेपर ठेवून दिला. नुसतं तेल लावलं.

२८ ऑक्टोबर

कामिनी दुपारी आली. बारीकशी पोरगी, पाठीवर बॅग, आल्या आल्या "जयभीम काका" म्हणाली. वहिनी आधीच येऊन बसली होती, तिची गाडी परवाची आहे.

पोरीनं बेस मांडीवर घेतली. झिजलेल्या जागेवर बरोबर उजवा हात टेकवला. घरात स्पीकर नाही, काही नाही, तरी वाजवायले लागली. घर्रर्र घर्रर्र असा बारीक आवाज, खाटेच्या पाटीतून पायाले लागे. डावा हात वर-खाली पळून राहिला होता. दादाचा हात इतका पळताना मी कधी पाह्यला नाही. मले वाटे, बेस अशीच वाजवतात, जागच्या जागी.

मी विचारलं, "हात अटकते काय बाई?"

"नाही काका. मान मस्त आहे." मग वरच्या टोकाशी तिचा अंगठा थांबला. तिनं गिटार उलटी केली, उजेडाकडे धरली. "फक्त इथं खरखरीत लागते. हे राहून गेलं वाटते. एवढं घासून देता का?"

वहिनी माह्याकडे पाहून राहिली होती. मी तांब्या उचलला. पाणी प्यालो.

म्हटलं, "माह्या भावाचं काम आहे. राहू द्या."